माहितीपट करायचा तर पदवी कशाची?

बेंगळुरूत सर्जापूर रोडवरच्या सोसायट्यांतून मराठी बिऱ्हाडं आहेत. आईवडील आयटीत, मुलगी अकरावीत. तिने पटकथालेखन आणि माहितीपटाचं नाव काढलं, की घरातले विचारतात, "मग बारावीनंतर कोणत्या फिल्म इन्स्टिट्यूटला घालायचं?" माझं मत, लगेच कुठेही नको. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये दिग्दर्शन शिकायलासुद्धा आधी पदवी लागते. ती कशाची घ्यायची, हे नीट ठरवा.

चित्रपट दिग्दर्शिका सुमित्रा भावे कोणत्याही फिल्म स्कूलमध्ये शिकल्या नव्हत्या. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असं त्यांचं शिक्षण. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्या शिकवत. वस्तीतल्या बायकांवर संशोधन करताना त्यांना एक गोष्ट खुपली: ज्यांच्याबद्दल अहवाल लिहायचा, त्यांना तो वाचताच येणार नव्हता. म्हणून १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या. पुढच्या चित्रपटांत एफटीआयआयमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर सोबतीला होते. 'देवराई'त स्किझोफ्रेनिया, 'अस्तु'मध्ये स्मृतिभ्रंश, पटकथा भावेंच्याच. 'कासव'ला तर सुवर्णकमळ मिळालं. कॅमेऱ्याची माहिती असलेला जोडीदार मिळतो. पण माणसाशेजारी बसून त्याचं ऐकून घेण्याची सवय स्वतःलाच लावून घ्यावी लागते, आणि समाजविज्ञानाचं चांगलं शिक्षण नेमकी तीच लावतं. अर्थशास्त्र आणि मानव्यविद्यांची पदवी देणारं अझीम प्रेमजी विद्यापीठ तर तुमच्याच रस्त्यावर, सर्जापूरकडे आहे.

विषयही दाराशी आहेत. २०२४च्या उन्हाळ्यात बेंगळुरूत बोअरवेल आटल्या तेव्हा या भागातल्या कितीतरी सोसायट्या टँकरवर जगल्या. तो टँकर कोणत्या गावात भरतो, तिथल्या विहिरींचं काय झालं, ड्रायव्हर झोपतो कधी? मोबाइलवर, त्याची परवानगी घेऊन, दहा मिनिटांची फिल्म करायला लावा. त्यासाठी मुलीला कन्नड बोलता यायला हवं. इथे वाढलेल्या अनेक मराठी मुलांना ते येत नाही, आणि मला ही फार मोठी उणीव वाटते. महागड्या कॅमेऱ्याआधी कन्नडच्या शिकवणीला पैसे घाला.

पैशांचं स्पष्टच सांगते. केवळ स्वतःच्या माहितीपटांवर घर चालवणारे फार थोडे. बाकीचे स्वयंसेवी संस्थांसाठी लघुपट करतात, कंपन्यांच्या फिल्म करतात, संकलन करतात, शिकवतात. म्हणून संकलन हाताशी असू द्या. सुरुवातीला त्याचाच आधार होतो. पटकथेच्या कामात लिहिण्याचा काळ बिनपगारी जातो. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांनी 'कोर्ट' हा चित्रपट लिहिला तेव्हा निर्माते विवेक गोम्बर यांनी त्यांच्या खर्चाची सोय केली होती. पुढे २०२० मध्ये 'द डिसायपल'साठी ताम्हाणेंना व्हेनिसला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. पण गोम्बरांसारखा निर्माता प्रत्येकाला भेटत नाही. पदवीनंतरच्या दोन-तीन वर्षांचा घरखर्च आपल्याला पेलेल का, हा हिशेब आईवडिलांनी आत्ताच मुलीसमोर बसून मांडावा, आकड्यांसह.

मुलीने स्वतःसाठी एक नियम पाळावा. कथा कुणालाही ऐकवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करायची, आणि मानधनाचे हप्ते व श्रेयनामावलीतलं नाव करारात लेखी आल्याशिवाय पटकथेचा मसुदा हातातून सोडायचा नाही.