एका खजिनदाराचा गायनदौरा

गेल्या वर्षी आमचे गायनपथक धारवाडला गेले, तेव्हा हिशेबाची वही माझ्याकडे होती. बसभाडे, चहा-फराळ, तबल्याची दुरुस्ती सारे मांडून झाल्यावर जमेच्या बाजूस टाळ्या तेवढ्या उरल्या आणि नऊशे रुपयांची तूट आली. इतर महाविद्यालयांचे दौरे कसे निभावतात, हे पाहावे म्हणून मी वाचू लागलो आणि थेट अमेरिकेतील नॅशव्हिल गावी जाऊन पोहोचलो.

तेथील फिस्क विद्यालय १८६६ साली लष्करी इस्पितळाच्या जुन्या बराकींत सुरू झाले. विद्यार्थी बहुतेक नुकतेच गुलामीतून सुटलेले. पाच वर्षांत संस्था कर्जात बुडाली. जॉर्ज व्हाइट हे तेथील खजिनदार; संगीतही तेच शिकवीत. (आमच्या शाखेच्या माणसाला गाणे कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी!) ज्या मिशनरी संस्थेच्या आधारावर शाळा चालली होती, तिने दौऱ्याला पैसा देण्याचे नाकारले. तरीही ६ ऑक्टोबर १८७१ रोजी व्हाइट नऊ विद्यार्थ्यांना घेऊन निघाले. साथीला एला शेपर्ड हिचा पियानो. वाद्यवृंद असा नव्हताच.

दोनच दिवसांनी शिकागो शहराला प्रचंड आग लागली. ओहायोतील पहिल्या कार्यक्रमांचे उत्पन्न पन्नास डॉलरांहूनही कमी होते. डोक्यावर कर्ज, हिवाळा तोंडावर, अंगात धड गरम कपडे नाहीत. आणि या मुलांनी ती रक्कम शिकागोच्या आपद्ग्रस्तांना देऊन टाकली. ही नोंद कोणत्या खात्यावर घालावी, हे मला आजही सुचत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात तसे खाते नाही.

पुढची वाट सोपी नव्हती. काळ्या वर्णामुळे हॉटेले दार बंद करीत. तोंडाला काजळ फासून निग्रोंची नक्कल करणारी गोरी पथके तेव्हा लोकप्रिय होती. श्रोत्यांना तसलीच थट्टा हवी असे. आरंभी ही मुलेही गोऱ्यांच्या पसंतीची गाणी गात. गुलामीतली भक्तिगीते त्यांच्या आईबापांची होती, दुःखाची होती. ती चारचौघांत गाण्याचा त्यांना संकोच वाटे. पण तीच गाणी ऐकून सभागृहे स्तब्ध होऊ लागली. कोलंबस गावी पथकाला 'ज्युबिली सिंगर्स' हे नाव मिळाले. बायबलमध्ये दर पन्नास वर्षांनी येणारे दासमुक्तीचे वर्ष म्हणजे ज्युबिली.

१८७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर आणि १८७३ मध्ये इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीसमोर त्यांचे गायन झाले. (याच १८७३ साली महात्मा फुले यांनी आपले 'गुलामगिरी' पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केले.) ब्रिटनच्या दौऱ्यात सुमारे पन्नास हजार डॉलर जमले. त्यातून उभी राहिलेली 'ज्युबिली हॉल' ही इमारत १ जानेवारी १८७६ रोजी खुली झाली. ती अजून उभी आहे.

आता खर्चाची बाजू. अखंड प्रवासाने मुलांच्या प्रकृती ढासळल्या, व्हाइटही खचले. शाळा वाचवायला निघालेल्या कित्येकांचे स्वतःचे शिक्षण अर्ध्यावर राहिले. हॉलंड, जर्मनी करून १८७८ मध्ये पथक मोडले. थॉमस रटलिंग इंग्लंडातच राहिला. आयझॅक डिकर्सन याने पुन्हा पुस्तके हाती घेतली, पण ती एडिंबरोला.