अंगठ्याचं हाड काढायचंय म्हणतेस?

आधी ती चप्पल काढ बघू, आणि दोन्ही पाय सरळ ठेव. लपवू नकोस गं, फोटो काढताना तू पाय निऱ्यांखाली ओढून घेतेस ते मी कधीपासून बघतेय. आणि डॉक्टर ‘बारीक छिद्रं पाडून करू, फार कापाकापी नाही’ म्हणाल्यापासून तुझं काय चाललंय तेही बघतेय. सोमवारी म्हणतेस उद्याच करून टाकते, गुरुवारी म्हणतेस मरेपर्यंत हात लावू देणार नाही. अगं, हे काही अपेंडिक्स नाही रात्रीतून फुटायला. भरपूर वेळ आहे तुझ्याकडे. जरा शांतपणे ऐक.

पहिलं म्हणजे, ते हाड काढत नाहीत. आपण सगळ्या तसंच म्हणतो, कारण बाहेरून वाटतं की तिथे काहीतरी जास्तीचं उगवलंय. खरं तर पावलातलं अंगठ्याला जोडलेलं लांब हाड दुसऱ्या पावलाच्या दिशेनं कलतं आणि अंगठा उलटा शेजारच्या बोटांवर रेलतो. त्या दोघांचा जो कोपरा होतो, ते तुझं टेंगूळ. डॉक्टरांच्या कागदावर ‘हॅलक्स व्हॅल्गस’ लिहिलंय ना, ते हेच. आता नुसतं टेंगूळ तासलं तर कललेलं हाड तसंच राहणार. त्याची दिशा सुधारायची तर ते कापावंच लागतं, मग वरच्या कातडीला छिद्र केवढंही असो. एवढं मनात धरून ठेव, पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

आणि स्वतःला बोल लावणं बंद कर. तुझ्या आईचे पाय आठव, मावशीचे आठव. पायाची ठेवण बरीचशी घराण्यातूनच येते, आणि बायकांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त. चपला-बुटांचा हात नाही असं मात्र नाही. 1958 साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी बूट घालणाऱ्या आणि अनवाणी वावरणाऱ्या चिनी लोकांचे पाय तपासले. बूटवाल्यांत शंभरात 33 जणांचा अंगठा कललेला, अनवाण्यांत जेमतेम दोघांचा. केंब्रिजमध्ये तर मध्ययुगातले सांगाडे तपासले गेले, आणि लांब टोकदार बुटांची फॅशन आल्यानंतरच्या काळातले पाय आधीपेक्षा कितीतरी जास्त वाकडे निघाले. पुरुषांचेसुद्धा बरं का! मग मी चुलतबहिणीच्या रिसेप्शनसाठी सेलमधून एक नंबर लहान हिल्स आणल्या, ‘घालून घालून सैल होतील’ म्हणत, त्यात नवल ते काय. बुफेच्या रांगेत अनवाणी उभी होते मी, हिल्स पर्सशेजारी काखेत.

ऑपरेशन करायचं की नाही, हे संध्याकाळी घरी आलेल्या पायाला विचार. पुढून रुंद, मऊ चप्पल घालूनही दुखतंय का? भाजी घेऊन येईपर्यंत ठणका लागतो का? अंगठा शेजारच्या बोटाखाली घुसून ते बोट वर उचललं गेलंय का? तळव्याला, त्या बोटाच्या मुळाशी घट्टा पडलाय का? यातलं काही असेल तर ऑपरेशनचं बोलू. फक्त दिसायला वाईट म्हणून करायचं असेल, तर मी तुला सरळ नको म्हणेन. न दुखणारा पाय ऑपरेशननंतर दुखायला लागू शकतो, आणि असला सौदा कुणी करू नये. शिवाय निव्वळ दिसण्यासाठीच्या ऑपरेशनचे पैसे मेडिक्लेमवाले देत नाहीत. तेव्हा तुझ्या दुखण्याची नीट नोंद डॉक्टरांच्या कागदावर आहे ना ते बघ, आणि मंजुरी आधी घे, नंतर भांडू नकोस.

बोटात अडकवायचे ते सिलिकॉनचे स्पेसर आणि रात्री बांधायचे पट्टे? माझ्या खणात त्यांचं प्रदर्शन भरेल. घासणं कमी होतं, जरा बरं वाटतं, एवढाच त्यांचा गुण. मोठ्या माणसाचं कललेलं हाड त्यांनी सरळ होत नाही, जाहिरातीतल्या फोटोत काहीही दिसो.

आता ऑपरेशनचं ऐक. घाबरून कान बंद करू नकोस, माहीत असलेली गोष्ट निम्मी भीती खाते. पाऊल घोट्यापाशी इंजेक्शन देऊन बधिर करतात, सोबत गुंगीचं औषध किंवा भूल, ते भूलतज्ज्ञ ठरवतात. मग तीन ते पाच मिलिमीटरची काही छिद्रं. दाताच्या डॉक्टरांकडचं ड्रिल आठव, तसलं दोनेक मिलिमीटर जाडीचं पातं, फक्त खूप सावकाश फिरणारं. हाड गरम होऊ नये म्हणून वरून सलाइनचं पाणी सोडत राहतात. आतलं दिसत नाही, म्हणून शेजारी एक्स-रेचा पडदा लावलेला असतो आणि सर्जन त्यात बघत बघत काम करतात. लांब हाड टोकाजवळ कापून ते टोक बाकीच्या बोटांच्या बाजूला सरकवायचं, स्क्रूंनी पक्कं करायचं. मग अंगठ्याच्या हाडातून गरज असेल तर एक बारीक पाचर काढून त्यालाही सरळ करायचं. स्क्रू टोचले नाहीत तर आयुष्यभर आत राहतात. बहुतेक बायका त्याच दिवशी घरी.

तुझी नणंद म्हणते ना, तिच्या ओळखीतल्या बाईंच्या अंगठ्यातून तार बाहेर आलेली होती, तिला खोटं पाडू नकोस. छिद्रांतून करायचं हे तंत्र एकदम आजच्या रूपात आलेलं नाही. आधी अमेरिकेत स्टीफन आयशम यांनी केलं, त्यात स्क्रू नव्हतेच, नुसत्या पट्ट्या बांधून हाड धरून ठेवायचे. मग ऑस्ट्रियात बॉश यांची पद्धत आली, तिच्यात तार घालून काही आठवडे ठेवायचे. फ्रान्सचे जोएल व्हेर्नुआ आणि इंग्लंडचे डेव्हिड रेडफर्न यांनी पुढे स्क्रूंची पद्धत बसवली, तुझे डॉक्टर बहुधा तीच किंवा तिच्यातून निघालेली एखादी म्हणतायत. तेव्हा कुणी अनुभव सांगायला लागली की आधी विचार, कुठल्या साली आणि कुठल्या पद्धतीनं? नाहीतर एकीच्या तारेची भीती दुसरीच्या स्क्रूला लागते.

मग उघड्या ऑपरेशनपेक्षा हे चांगलं का? खरं सांगू का, थोडं चांगलं, पण तुला वाटतं तेवढं नाही. 2017 साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 50 रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. छिद्रांतून केलेल्यांना पहिले सहा आठवडे दुखणं कमी होतं, व्रण अर्थातच लहान. अंगठा सरळ होण्यात मात्र दोन्ही गट जवळजवळ सारखेच. म्हणजे तुझ्या भागातले सर्जन उघड्या पद्धतीत मुरलेले असतील आणि त्यांच्यावर तुझा भरवसा असेल, तर छिद्रांच्या मोहापायी गावोगाव फिरायची गरज नाही. उलट हे काम पडद्यावर बघून करायचं असल्यामुळे हात बसायला वेळ लागतो. म्हणून बेधडक विचार, ‘डॉक्टर, तुम्ही अशी किती केलीत?’ चांगला माणूस रागावत नाही. रागावला तर तेही तुला कळलं.

अजून विचार: माझा कोन किती? एक्स-रे उभं राहून, पायावर भार देऊनच काढायचा असतो, झोपवून काढलेला असेल तर परत काढायला सांग. अंगठ्याचा कोन पंधरा अंशांपर्यंत असला तर तो ठीक धरतात, चाळिसाच्या पुढे गेला तर बराच वाकडा. फार वाकडा असेल, सांधा झिजलेला असेल किंवा पावलाच्या मधला सांधा सैल असेल, तर छिद्रांची पद्धत चालेलच असं नाही, कधी सांधाच कायमचा जोडावा लागतो. परत कलण्याची शक्यता किती, तेही विचार, कारण काहींचा कलतो. अंगठ्याच्या कडेला बधिरपणा राहणं, सांधा आखडणं, स्क्रू टोचणं, हाड उशिरा जुळणं, हेही होऊ शकतं. हे ऐकून पळू नकोस. माहीत असू दे, म्हणजे झालंच तर आकाश कोसळल्यासारखं वाटणार नाही.

साखर असेल तर आधी ताब्यात आण. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आठवणीनं सांग, आपल्या मनानं बंद करू नकोस. आणि मिश्री लावत असशील तर... माझ्याकडे असं बघू नकोस गं, मला माहितेय. तंबाखूनं हाड जुळायला उशीर लागतो. डॉक्टरांपासून लपवलंस तर नुकसान तुझ्याच पायाचं.

आता खरी गोष्ट, जी दवाखान्यात कुणी नीट सांगत नाही: घर. या ऑपरेशननंतर पुढून कडक तळव्याचा खास बूट घालून लगेच थोडं चालता येतं, हे खरं. पण ‘चालता येतं’ याचा अर्थ बाथरूमपर्यंत. पहिले दोन आठवडे पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. खाली लोंबकळला की टम्म सुजतो आणि ठणकतो. तो बूट साधारण सहा आठवडे. ओट्याशी उभं राहून दोन वेळचा स्वयंपाक, सकाळी पाणी भरणं, गच्चीवर कपडे वाळत घालणं, यातलं काहीही पहिल्या काही आठवड्यांत तुझ्या नावावर नको. डबेवाल्या मावशी आधीच ठरव. मीठ, पोहे, चहा-साखर कंबरेच्या उंचीवर आणून ठेव. बाथरूममध्ये स्टूल ठेव, पायाला प्लॅस्टिकची पिशवी वरून घट्ट बांधून बसून आंघोळ. पट्टी ओली होता कामा नये, म्हणून पावसाळ्यात तारीख घेऊ नकोस. मी तर म्हणते, दिवाळीची भांडीकुंडी मार्गी लागली की घे. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते. उकिडवं बसणं, वज्रासन, देवापुढे गुडघे टेकणं, सगळ्यात अंगठा पूर्ण मुडपतो, ते डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. स्कूटर साधारण सहा-आठ आठवडे तरी विसर. बसून करायची नोकरी असेल तर दोनेक आठवड्यांत जमू शकतं. शाळेत वर्गावर उभं राहणारी असशील तर रजा जास्त माग, आणि कमी मागून वर गोड बोलू नकोस.

जोडवी आधी काढ, आणि मेंदी, नेलपॉलिशही. माझी जोडवी निघेनात, शेवटी साबण लावून सासूबाई आणि मी दोघी ओढत बसलो होतो. परत घालायची घाईही नको, कारण सूज तीन ते सहा महिने येत-जात राहते, पूर्ण उतरायला वर्षही लागू शकतं. कोल्हापुरीतल्या अंगठ्याच्या पट्ट्यात तो पाय इतक्यात जाणार नाही. सकाळी बसणारी चप्पल संध्याकाळी बसत नाही, तेव्हा रडू नकोस, ते तसंच असतं.

पहिल्या रात्रीचं एक सांगून ठेवते. बधिरपणा उतरायच्या आत डॉक्टरांनी दिलेली वेदनेची गोळी घे. ‘अजून कुठे दुखतंय, बघू नंतर’ असं शूरपण केलंस तर पहाटे मला फोन करशील. पोटरी दुखून सुजली, ताप आला, पट्टीतून पू आला, बोटं निळसर-पांढरी पडली, तर मात्र मला नको, सरळ डॉक्टरांना फोन. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर तडक हॉस्पिटल. घोटा खाली-वर हलवत राहा. आणि अंगठा वाकवायचे व्यायाम सांगतील तेव्हा ते दुखले तरी करायचे. टाळलेस तर अंगठा सरळ होईल पण आखडून बसेल.

दोन्ही पाय एकदमच उरकू का, विचारलंस ना? काही डॉक्टर करतात. पण तुझ्या घरी संडास एक, जिने दोन मजल्यांचे आणि मदतीला नवरा. एकेक कर. त्याला आज रात्रीच सांगून टाक, कुकरला किती शिट्ट्या ते शिकायला दिवाळीपर्यंत वेळ आहे म्हणावं.