चित्रातला न बोलणारा माणूस

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा जन्म १९२१ साली म्हैसूरला झाला. लहानपणी ते घराच्या भिंतींवर, दारांवर, जमिनीवर चित्रे काढीत. शाळेत त्यांनी पिंपळाचे पान काढले. गुरुजींनी शाबासकी दिली. तेव्हापासून आपण चित्रकार आहोत असे त्यांना वाटू लागले. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने त्यांना प्रवेश दिला नाही. तरी त्यांनी चित्रे सोडली नाहीत.

१९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांचे ‘यू सेड इट’ हे सदर येऊ लागले. आधी ते चित्रात बंगाली, पंजाबी, तमिळ अशी नाना प्रांतांची माणसे काढीत. पण रोज वेळेवर एवढी माणसे काढायची कशी? मग एकेक माणूस कमी होत गेला. शेवटी एकच उरला. धोतर, चौकड्यांचा कोट, चष्मा आणि मिशी. हाच ‘कॉमन मॅन’, म्हणजे सामान्य माणूस. तो कधी बोलत नाही, नुसता बघतो. तरी सगळे त्याला ओळखतात.

हे वाचून मी पाटीवर आमचे आबा काढले. नाक-डोळे काढलेच नाहीत. पटका, वाकलेली पाठ आणि काठी, बस्स! धाकटी बहीण लगेच म्हणाली, “हे तर आबा!”

मित्रांनो, तुम्हीही करून बघा. आधी माणूस नीट बघायचा, त्याच्या दोन-तीन खुणा धरायच्या, बाकीचे सोडून द्यायचे.

पालकांना एक विनंती. मुलांनी पाटीवर चित्र काढले, तर पुसायला सांगण्याआधी एकदा बघा.