आमचा प्लॉट नंबर ४७ आणि महाभूनकाशा

सर्व्हेइंगच्या पेपरात मला किती मार्क पडले होते ते कृपा करून विचारू नका. साखळी, शंकू, प्लेन टेबल हे सगळं मी परीक्षेपुरतं पाठ केलं आणि परीक्षा संपताच विसरले. पण मागच्या दिवाळीत घरी खापरखेड्याला गेले, तेव्हा याच विषयानं मला पुन्हा गाठलं.

झालं असं की बाबा वीज केंद्रातून येत्या मे महिन्यात रिटायर होत आहेत. रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं. आमच्या कॉलनीत प्रत्येक घरी हाच प्रश्न असतो : वीस-पंचवीस वर्षं एका जागी राहायचं, अंगणातला आंबा मोठा करायचा आणि मग आंब्यासकट सगळं सोडून निघायचं. बाबांनी म्हणून प्लॉट पाहिला. गावापासून थोडं पुढं, नाल्याच्या अलीकडं. पंधराशे स्क्वेअर फूट, प्लॉट नंबर ४७. अकरा हजार टोकनही देऊन आले आणि मग माझ्या हातात रंगीत पाम्प्लेट ठेवून म्हणाले, "माय, तू सिव्हिलची ना? पाहून सांग बरं, बराबर आहे का."

पाम्प्लेटवर हिरवीगार बाग, एक मंदिर, नऊ मीटरचे दोन रस्ते आणि चौकोनी चौकोनी ५४ प्लॉट. सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरात मौजा, प.ह.नं. आणि खसरा क्रमांक. पाम्प्लेटमधला कामाचा भाग तेवढाच असतो, हे मला आता कळलं आहे. म्हणजे पटवारी हलका आणि जमिनीचा नंबर. (तलाठ्याला २०२४ पासून 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं असं सरकारनं ठरवलं, पण आपल्या भागात ते पटवारीच होते, आहेत आणि बहुतेक राहतील.)

हॉस्टेलला परत आल्यावर रात्री लॅपटॉप उघडला. महाराष्ट्र शासनाच्या महाभूमीच्या साइटवर 'महाभूनकाशा' म्हणून एक भाग आहे. यासाठी लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. डावीकडं ग्रामीण की शहरी ते निवडायचं, मग जिल्हा नागपूर, तालुका सावनेर, मग गाव. इथं घाई करू नका. एकाच तालुक्यात खुर्द आणि बुद्रुक अशी जोडीची नावं असतात, आणि चुकीच्या गावातही तुम्ही टाकलेल्या नंबरची जमीन असतेच! मी पहिल्यांदा नेमकी तीच चूक केली आणि अर्धा तास कुणा भलत्याच माणसाच्या शेतावर विचार करत बसले.

गाव निवडलं की गावाचा पूर्ण नकाशा येतो. वेड्यावाकड्या शेकडो तुकड्यांचा, फुटलेल्या काचेसारखा. नंबर टाकला की आपला तुकडा रंगतो, बाजूला त्याचं क्षेत्र आणि खातेदाराचं नाव दिसतं. 'मॅप रिपोर्ट' मागितला की त्या तुकड्याचा आणि त्याला लागून असलेल्या नंबरांचा कागद मिळतो. पीडीएफ करून ठेवा.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी सांगते. ही दोन टेबलं आहेत. एकात आकार, म्हणजे नकाशा. दुसऱ्यात मजकूर, म्हणजे सातबारा. दोघांना जोडणारी की म्हणजे गावाचा कोड आणि जमिनीचा नंबर. आणि डीबीएमएसच्या सरांनी जे सांगितलं होतं तेच इथंही होतं : दोन टेबलं वेगवेगळ्या वेळी अपडेट झाली की गडबड. समजा ४५ नंबरची जमीन दोन भावांत वाटली गेली. सातबारे ४५/१ आणि ४५/२ असे वेगळे झाले, पण पोटहिश्शाची मोजणी कुणी केलीच नाही. मग नकाशात ४५ अजूनही एकसंध. कोणता अर्धा कुणाचा, हे नकाशाला माहीत नाही. बऱ्याचदा भावांनाही माहीत नसतं, तो भाग वेगळा.

सातबारा हे नाव कुठून आलं ते मलाही या निमित्तानं समजलं. गावचे हिशोब ठेवायचे ठरलेले नमुने आहेत. त्यातला नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाची; आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर, म्हणून सात-बारा. फेरफार म्हणजे नमुना सहा. एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन पाहायची तर आठ-अ. आमच्या विंगमधल्या एकीनं आठ-अचा फार चांगला उपयोग केला. तिला आलेल्या स्थळानं पंधरा एकर सांगितले होते. निघाले साडेचार. सध्या ती पुढच्या शिक्षणाचा विचार करते आहे.

आपल्या नागपूर भागातले जुने कागद वाचताना एक अडचण येते. आपण पूर्वी मध्य प्रांतात, त्यामुळं आजोबांच्या कागदांवर 'भूमिस्वामी', 'भूमिधारी' असे शब्द असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. ती आल्यावर भूमिस्वामी झाले भोगवटादार वर्ग १ आणि भूमिधारी झाले वर्ग २. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. सातबारावर वरच लिहिलेलं असतं. आधी तेच पाहा. आमचा वर्ग १ होता. मी सुस्कारा टाकला. लवकरच टाकला.

कारण पुढची ओळ क्षेत्राची होती. एकूण ०.८१ हेक्टर. त्यातलं पोटखराब (ब) ०.०९. आता वही घ्या आणि माझ्यासोबत करा. एक हेक्टर म्हणजे शंभर आर, एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. म्हणजे ८१ आर झाले ८,१०० चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. गुणाकार केला, आले सुमारे ८७,१८८ चौरस फूट. पाम्प्लेटवरचे ५४ प्लॉट, प्रत्येकी १,५००. झाले ८१,०००. उरले ६,१८८. आता नऊ मीटरचा रस्ता फक्त शंभर मीटर लांब धरला तरी ९०० चौरस मीटर लागतात, म्हणजे ९,६८८ चौरस फूट. असे रस्ते दोन. शिवाय राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणं एवढ्या मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ते आणखी ८,७१९. मंदिर तर मी धरलंच नाही, देवाला जागा कुठूनही मिळते.

थोडक्यात, जमीन कमी पडत होती. आणि त्यातही पोटखराब (ब) म्हणजे नाला, रस्ता असल्या सार्वजनिक वापराखालची जागा. ती वजा केली तर हाती ७२ आर, म्हणजे साडेसत्त्याहत्तर हजार चौरस फूट. नुसते ५४ प्लॉटसुद्धा त्यात बसत नाहीत.

मग शेवटची रांग कुठं आहे? पुन्हा नकाशा उघडला. पाम्प्लेटवरचं लेआउट सरळ आयत. नकाशातला खसरा मात्र बैलाच्या जिभेसारखा, पूर्वेकडं निमुळता होत नाल्यापाशी संपणारा. नाल्यापलीकडं वेगळा नंबर, वेगळा खातेदार. आमचा ४७ नंबर पाम्प्लेटवर पूर्वेच्या टोकाला होता.

रात्रीचा एक वाजला होता. बाबांना तेव्हाच फोन करावा असं वाटलं, पण नाही केला. बरं झालं. कारण सकाळी मी सर्व्हेइंगच्या सरांकडं गेले आणि ऐटीत म्हटलं, "सर, आमचा प्लॉट दुसऱ्याच्या शेतात आहे, हे पाहा." सरांनी एकच विचारलं, "हा नकाशा कधी मोजला होता?"

तिथं माझी हवा गेली. हे नकाशे आज कुणी उपग्रहावरून काढलेले नाहीत. जुन्या मोजणीचे कागदी किंवा कापडावरचे नकाशे, वर्षानुवर्षं घड्या पडलेले, ते स्कॅन करून, रेषा गिरवून संगणकात आणलेले. कागद आकसतो, ताणतो. गुंटर साहेबाच्या साखळीच्या काळातली रेषा आज उपग्रहाच्या चित्रावर ठेवली तर ती बांधावर बसेलच असं नाही. काही मीटर इकडं-तिकडं होऊ शकतं. वर आपण मोबाइल हातात घेऊन शेतात उभे राहतो. मोबाइलचं जीपीएस उघड्या आभाळाखालीसुद्धा साधारण पाच मीटरचा घोळ करू शकतं. आमचा प्लॉट तीस बाय पन्नास फूट. तीस फूट म्हणजे ९.१४ मीटर. म्हणजे चूक अर्ध्या प्लॉटाहून मोठी!

सरांनी मग जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं, कारण ते सिलॅबसमध्ये नाही. या नकाशाकडून शेजार घ्यायचा, माप घ्यायचं नाही. कोणत्या नंबराला कोणता नंबर लागून आहे, मध्ये नाला आहे की नाही, रस्त्याला तोंड आहे की चारी बाजूंनी दुसऱ्याची शेतं आहेत, हे कागद कितीही आकसला तरी बदलत नाही. पण अमुक रेषा माझ्या विहिरीपासून किती फुटांवर, हे त्याला विचारू नये. ते भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीचं काम; रीतसर अर्ज, फी, आणि मोजणीनंतर मिळणारी 'क' प्रत. हद्दीचा वाद झाला तर तीच पुढं ठेवायची, लॅपटॉपचा स्क्रीनशॉट नाही.

म्हणजे माझ्याजवळ '४७ नंबर शेजारच्या शेतात आहे' याचा पुरावा नव्हता. पण प्रश्न मात्र पक्का होता. आणि क्षेत्राचं गणित नकाशावर अवलंबून नव्हतंच, ते सातबाऱ्यावरून होतं.

नकाशात काय दिसत नाही हेही सांगायला हवं. माझी रूममेट भंडाऱ्याकडची. तिनं हौसेनं स्वतःचं गाव उघडलं. भोवती सगळी शेतं नंबरासकट, आणि मधोमध एक मोठा कोरा तुकडा : गावठाण. तिचं घर, शाळा, पिंपळाचा पार, सगळं त्या कोऱ्यात. "म्हणजे मी राहतच नाही कुठं?" म्हणाली. शेतसारा शेतावर होता, म्हणून शेतं काटेकोर मोजली गेली. गावठाणातल्या घरांची मोजणी बऱ्याच गावांत राहूनच गेली. ती आता ड्रोननं होते आहे. केंद्राची स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. आपल्या राज्यात त्याआधीच पुणे जिल्ह्यातल्या सोनोरीला हा प्रयोग झाला होता. मोजणी झालेल्या गावांत घराचं मालमत्ता पत्रक मिळतं. तिच्या घरचं अजून पाहायचं आहे.

आणि आमच्या भागापुरतं म्हणाल तर जमिनीखालचं दिसत नाही. सिल्लेवाडा, वलनी ही नावं आपल्याला कोळशामुळं माहीत आहेत. वर तूर उभी असते, खाली खाण गेलेली असू शकते. महसुलाच्या नकाशात खालचा मजला नाही. ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं, त्यांना कुठं भुई खचली होती ते सालासकट पाठ असतं. लेआउट मंजूर आहे की नाही, तेही या नकाशात कळत नाही. २०१७ मध्ये एनएमआरडीए स्थापन झालं, सावनेर तालुक्यातली काही गावं त्याच्या हद्दीत येतात. तिथं मंजूर नकाशाची प्रत मागायची. एनए आणि गुंठेवारीचे नियम अलीकडं इतक्यांदा बदलले की मी इथं काही लिहिलं तर अंक छापून येईपर्यंत शिळं होईल. तहसीलमध्ये विचारा.

बाकी दोन गोष्टी घरबसल्या होतात. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमधून त्या जमिनीचे आधीचे व्यवहार, म्हणजे सूची क्रमांक दोन, पाहता येतात. एकच प्लॉट दोघांना विकला असेल तर तिथं सापडण्याची शक्यता असते. आणि 'आपली चावडी'वर फेरफाराच्या नोटिसा लागतात. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. पूर्वी हा कागद चावडीच्या भिंतीवर चिकटायचा आणि पावसात गळून पडायचा.

बाबांना मी सगळं फोनवर समजावलं. ते जास्त बोलले नाहीत. रविवारी लेआउटवाल्याकडं गेले आणि त्याच्यासमोर माझा गुणाकार ठेवला. तो हसून म्हणाला, "काकाजी, बाजूचा खसरा बी आपलाच आहे, कागद उद्या देतो." बाबा म्हणाले, "होऊन जाऊ द्या, मी इथंच बसतो." उद्याचे तीन उद्या झाले. कागद आला नाही. अकरा हजारांपैकी सहा परत मिळाले, पाच 'ऑफिस खर्चात' गेले. आई म्हणते, पाच हजारांत सुटलो.

क्वार्टर मेमध्ये सोडायचंच आहे. सध्या दोन खोल्या भाड्यानं पाहणं सुरू आहे. आणि बाबांनी मोबाइलवर महाभूनकाशा उघडायला शिकून घेतलं. कॉलनीतले त्यांच्यासोबतचे आणखी चौघं यंदा रिटायर होत आहेत, त्यांचे पाम्प्लेट आता आमच्या टेबलावर येतात. काल रात्री मेसमध्ये ताट घेऊन बसले तोच फोन आला : "माय, ते पोटखराब 'अ' आणि 'ब' मध्ये फरक काय म्हणत होती तू? हळू सांग, लिहून राहिलो."