आफ्रिकेतील मामा आणि आपला मामा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपली पावले मामाच्या गावाकडे वळतात. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसते आणि लग्नात नवरीला बोहल्यावर मामाच आणतो. वडिलांपुढे किंवा चुलत्यापुढे जो हट्ट धरण्याची छाती होत नाही, तो मामापुढे सहज धरता येतो. हे इतके अंगवळणी पडले आहे की, 'असे का?' हा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. हाच प्रश्न दक्षिण आफ्रिकेत एका मानवशास्त्रज्ञाने विचारला आणि आफ्रिकी समाजांच्या अभ्यासाला वेगळे वळण दिले. त्यांचे नाव ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन (१८८१–१९५५).

अंदमानात संशोधन केल्यानंतर १९२१ मध्ये ते केपटाऊन विद्यापीठात सामाजिक मानवशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२४ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील मामा या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. मोझांबिकमधील थोंगा समाजाची माहिती ज्युनो या स्विस मिशनऱ्याने आधीच गोळा केलेली होती. या समाजात कुळ बापाकडून चालते. तरीही भाचा मामाच्या घरी जाऊन त्याच्यासाठी रांधलेले अन्न खुशाल खातो, मामाने पितरांना वाहिलेला नैवेद्यही पळवतो आणि मामा ते चालवून घेतो. ज्युनोच्या मते हा प्राचीन मातृसत्तेचा उरलेला अवशेष होता.

रॅडक्लिफ-ब्राऊन यांना हे पटले नाही. ज्या भूतकाळाचा पुरावा नाही, त्याच्या कल्पना करण्यापेक्षा आज ही नाती एकमेकांशी कशी जुळलेली आहेत ते पाहावे, असे त्यांचे म्हणणे. बापाकडे अधिकार आणि शिस्त, तर आईकडे माया. म्हणून बापाची बहीण आदराची आणि आईचा भाऊ लाडाचा. तिकडील काही भाषांत मामाला 'मालुमे' म्हणतात. त्याचा अर्थच 'पुरुष-आई' असा होतो. आपल्याकडेही 'मामा' या शब्दात 'मा' दोनदा येते, असे कौतुकाने म्हणतात, ते येथे आठवते.

एका नात्याचा अर्थ सगळ्या नात्यांच्या जाळ्यात शोधण्याची ही पद्धत पुढे फार रुजली. आजच्या दक्षिण सुदानमधील न्यूअर लोकांवर लिहिणारे इव्हान्स-प्रिचर्ड आणि आजच्या घानामधील टॅलेन्सींवर लिहिणारे फोर्ट्स यांच्या कामावर तिचा ठसा आहे. या दोघांनी १९४० मध्ये संपादित केलेल्या आफ्रिकी राज्यव्यवस्थांवरील ग्रंथाला रॅडक्लिफ-ब्राऊन यांचीच प्रस्तावना आहे. ऑक्सफर्डमध्ये त्यांच्याजवळ शिकलेल्या एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्ग समाजाच्या अभ्यासातून ही दृष्टी भारतात आणली.

मात्र या पद्धतीत उणिवाही आहेत. थोंगा तरुण ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींत मजुरीला जात होते, परकी सत्ता त्यांचे जीवन ढवळून काढत होती. या इतिहासाला त्या निबंधात स्थान नाही. शिवाय फ्रेंच विद्वान लेव्ही-स्ट्रॉस यांनी दाखवून दिले की, मामाचे महत्त्व केवळ मायेतून येत नाही. तो बहीण देणारा भाऊ असतो, म्हणजे त्या नात्याच्या मुळाशी सोयरीक असते.

येथे आपल्या इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचे काम मोलाचे ठरते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करीत असता त्यांनी १९५३ मध्ये भारतातील नातेसंबंधांवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तरेत नात्यात लग्न वर्ज्य, तर दक्षिणेत ते पसंतीचे. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर. येथे अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी सहसा चालत नाही. नात्यात लग्न झालेली दक्षिणेतील मुलगी ओळखीच्या घरात जाते, उत्तरेतील मुलगी परक्या घरात, हा फरक त्यांनी नेमका टिपला.

आता हे लग्न दोन्ही बाजूंनी पाहू. मुलगा मामाची मुलगी करतो, तेव्हा लाड करणारा मामा त्याचा सासरा होतो. भाचा आता जावई म्हणून मिरवतो, लाड वाढतातच. परंतु त्याच लग्नात त्या मुलीची आत्या तिची सासू होते. रॅडक्लिफ-ब्राऊन यांच्या मांडणीत आत्या म्हणजे बापाच्या अधिकाराची वाटेकरीण. म्हणजे एकाच सोयरिकीत मुलाच्या वाट्याला माया येते आणि मुलीच्या वाट्याला अधिकार. घर ओळखीचे असले तरी तिचा तेथील दर्जा बदलतो. त्या निबंधात मामाकडे पाहिले आहे ते भाच्याच्या डोळ्यांनी. भाचीला काय वाटते हे विचारायचे राहून गेले.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भावा-बहिणीच्या मुलांचे लग्न निषिद्ध नात्यांत धरले, परंतु रूढी असल्यास मुभा ठेवली. रूढीच्या नावाने दिलेल्या या मुभेत मुलीची इच्छा कितपत विचारली जाते, हे कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ते घरोघरी विचारावे लागेल.

आपला धाराशिव जिल्हा कर्नाटकाला लागून आहे. उत्तरेची आणि दक्षिणेची रीत येथे एकाच गावात, कधी एकाच वाड्यात भेटते. तेव्हा या सुट्टीत मामाच्या गावी जाल, तेव्हा एक वही सोबत न्या. आजीला विचारून तीन पिढ्यांची वंशावळ काढा. कोण कोणाला काय म्हणते, कोण कोणापुढे पदर घेते, याची नोंद करा. आणि मामाशी बोलून झाल्यावर, नात्यातच लग्न झालेल्या एखाद्या मामीशीही आवर्जून बोला. थोंगांच्या देशातून निघालेल्या त्या प्रश्नाचे राहिलेले अर्धे उत्तर कदाचित तिच्याजवळ असेल.