सुगंधी भातातील निकामी जनुक आणि छद्मजनुकांची मर्यादा

बासमतीचा सुगंध एखाद्या ‘सुगंधाच्या जनुका’तून निर्माण होतो, ही समजूत सर्वसाधारण आहे. वस्तुस्थिती उलट आहे. आठव्या गुणसूत्रावरील बीएडीएच-२ हे जनुक बिघडलेले असल्यामुळेच तो दरवळतो.

जनुकातील अक्षरे तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात. बासमतीत या जनुकाच्या सातव्या एक्झॉनमधून आठ अक्षरे गळाली आहेत. आठाला तीनने भाग जात नाही. त्यामुळे पुढील वाचन सरकते आणि थांबण्याची खूण अवेळी येते. बिनवासाच्या भातात ५०३ अमिनो आम्लांचे पूर्ण विकर तयार होते, येथे ते अर्धवट राहते. हे विकर ज्या पदार्थाचे रूपांतर करते तो मग साचतो आणि त्यापासून २-अॅसिटिल-१-पायरोलीन हे सुगंधी द्रव्य बनते. निकामी जनुक स्वतः काही घडवीत नाही, फक्त वाट अडवणे सोडते.

काटेकोरपणे पाहता हे जनुकाचे निकामी पर्यायी रूप होय. छद्मजनुक म्हणजे मूळ जनुकासारखी दिसणारी, पण बहुधा प्रथिन बनवू न शकणारी प्रत. जनुकाचे द्विगुणन होऊन एक प्रत बिघडली की ती उरते. हा शब्द १९७७ पासून रूढ झाला. तथापि अशा प्रतींना सरसकट कचरा समजू नये. काहींपासून आरएनए बनतो, आणि भातातच काही छद्मजनुकांपासून लघु आरएनए निघत असल्याचे आढळले आहे. त्यांपैकी किती उपयोगी, हा प्रश्न प्रत्येक प्रतीगणिक वेगळा तपासावा लागतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की, बिघडलेले रूप अप्रभावी आहे. सुगंधी व बिनवासाच्या वाणांचा संकर झाल्यास पहिल्या पिढीच्या झाडाची पाने सुगंध देत नाहीत. दुसऱ्या पिढीत साधारण चौथा हिस्सा झाडेच सुगंधी निघतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुसा बासमती १ (१९८९) सारख्या वाणाचे घरचे बियाणे ठेवताना सुगंध घटला, तर जमिनीला दोष देण्यापूर्वी भेसळ पाहावी. सुमारे २ ग्रॅम कोवळ्या पानांचे तुकडे १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० मिलिलिटर द्रावणात झाकून ठेवावेत आणि दहा मिनिटांनी झाकण उघडून वास घ्यावा. द्रावण दाहक असल्याने हातमोजे घालावेत. प्रत्येक झाडाचा नमुना वेगळा ठेवावा. एकत्र केलेल्या पानांतून भेसळ ओळखता येत नाही.