जुना टीव्ही भंगारात देण्याआधी

अँटेन्यावर चित्र येईनासे झाले की टीव्हीच जुना झाला, असे समजून चालता सेट भंगारात देणारे आणि हप्त्यावर नवा आणणारे व्यापारी बंधू आम्ही पाहिले आहेत. दोष टीव्हीचा नव्हता. प्रक्षेपणाची पद्धत बदलली होती.

२०११ च्या कायद्याने केबल डिजिटल करणे सक्तीचे झाले. मुंबईची पाळी २०१२ मध्ये आली, नागपूरची २०१३ मध्ये. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड या नगरपालिकांच्या शहरांना ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत होती. ती लांबत ३१ जानेवारी २०१७ झाली. खेड्यांची मुदत ३१ मार्च २०१७. दूरदर्शननेही आपली जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे, मोक्याची सुमारे ५० सोडून, २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरवले. तेव्हा छतावरच्या काड्यांच्या अँटेन्याची आता वाट पाहू नये.

मात्र जुना टीव्ही चालतो. मागे लाल, पांढरी, पिवळी पिन लावण्याची भोके आहेत का, एवढे पाहा. असतील तर सेट टॉप बॉक्स थेट जोडता येतो. फारच जुन्या सेटला फक्त अँटेन्याचे भोक असते. त्यासाठी मॉड्युलेटर नावाचा छोटा डबा मधे लावावा लागतो. पिक्चर ट्यूब चांगली असेल तर हा खर्च परवडतो, ट्यूब थकली असेल तर नाही.

आता महिन्याचा हिशेब. दूरदर्शनच्या फ्री डिशला (२००४ साली सुरू झाली) मासिक भाडे नाही. छत्री आणि बॉक्स यांचा एकदाच खर्च. केबल किंवा खासगी छत्री घेतली तर भाडे दर महिन्याला. १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाने वाहिन्या निवडून तेवढ्यांचेच पैसे द्यायचे, असा नियम आहे. त्या वेळी पहिल्या १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि कर, ही कमाल होती. २०२४ मध्ये ती मर्यादाही निघाली. म्हणून आधी भाव विचारा, पावती घ्या, आणि बॉक्स विकत की भाड्याने, हे लिहून घ्या. दुकानात शंभर रुपयांच्या उधारीसाठी वही उघडणारा माणूस घरच्या केबलवाल्याला मात्र वर्षभर न विचारता पैसे देतो!

जुन्या पद्धतीत सिग्नल कमी पडला की मुंग्या दिसत, पण चित्र ओळखू येई. डिजिटलमध्ये चित्र स्वच्छ असते किंवा चौकोन पडून थांबते, अधलेमधले फारसे काही नसते. जोराच्या पावसात छत्रीचे चित्र जाते ते ढग सरले की परत येते. त्यासाठी मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नका.

मेकॅनिक बंधूंनी मात्र ही विद्या जरूर शिकावी. ट्यूबचे काम आटले, छत्री बसवण्याचे आहे. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला. आपल्या जिल्ह्यातून छत्रीचे तोंड आग्नेयेला. त्या बाजूला लिंबाचे झाड किंवा शेजाऱ्याचा मजला आड येत नाही ना, हे भोक पाडण्याआधी पाहावे. वायरच्या जोडावर मृग लागण्यापूर्वीच रबरी टेप गुंडाळावी. पाणी शिरले की गिऱ्हाईक छत्रीला नाही, बसवणाऱ्याला नावे ठेवते.